तीन बिल्डिंगा झाल्या : जनगणना करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पुणे महापालिका हद्दीतील जनगणनेचे अधिकारी,
आणि प्रगणक म्हणून ज्यांच्या हातात आदेश पडणार आहे ते माझे शिक्षक बंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांना प्रगणक म्हणून उन्हात फिरले. आदेश आला की स्टाफरूममध्ये कसा सुस्कारा निघतो, कोण लगेच मेडिकल सर्टिफिकेट शोधायला लागतं, कुणाला घराजवळचा गट मिळतो आणि कुणाला नदीपलीकडचा, हे सगळं मला पाठ आहे. त्यामुळे हे पत्र उपदेशाचं समजू नका. यात एक कबुलीही आहे, आणि ती मी पंधरा वर्षांनी देते आहे.

२०११ ला मला बाणेरच्या टोकाचा गट मिळाला होता. नजरी नकाशा काढायचा, घरांवर क्रमांक टाकायचे, सहाशे-सातशे माणसं मोजायची. नेहमीचंच काम. बंगले झाले, जुन्या गावठाणातली घरं झाली, दोन सोसायट्या झाल्या. राहिल्या त्या एका बांधकामाच्या साइटमागच्या पत्र्याच्या खोल्या. तीनदा गेले. तिन्ही वेळा वॉचमननं गेटवरच अडवलं. ‘साहेबांची परमिशन आणा.’ चौथ्यांदा गेले तेव्हा आतून मुकादमच बाहेर आला. भला माणूस होता. म्हणाला, ‘बाई, कशाला चिखलात येताय, हे घ्या मस्टर, सगळ्यांची नावं आहेत.’ आणि मी गेटजवळच्या खुर्चीवर बसून मस्टर उतरवून घेतलं.

शहाऐंशी नावं होती. वय अंदाजानं. मागील निवासाचं ठिकाण सगळ्यांचं एकच : गुलबर्गा. (यादगीर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण लोक गुलबर्गाच सांगायचे.) स्थलांतराचं कारण, संकेतांक १, काम. शहाऐंशी वेळा एक लिहिला. पर्यवेक्षकांनी अर्ज चाळले, म्हणाले, अक्षर छान आहे.

गेटमधून निघताना पत्र्याच्या फटीतून आतली दोरी दिसली. दोरीवर लहान मुलांचे झबल्यासारखे फ्रॉक वाळत होते, सहा-सात तरी. मस्टरवर मुलं नसतात. मस्टरवर हजेरी असते. मी पुढच्या घरी गेले.

२०११ ला पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार ४५८ भरली. शेवटच्या आठ-पर्यंत मोजलेला हा आकडा मी जिथे जिथे वाचते तिथे मला ती दोरी दिसते. त्या आठमध्ये ती पोरं नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, सहा-सात पोरांनी काय होतं? एवढ्या मोठ्या शहरात चुकायचंच. पण चूक सगळीकडे सारखी पसरलेली असती तर मीही गप्प बसले असते. प्रभात रोडवरच्या बंगल्यातली आजी कधीच मोजायची राहत नाही. राहतात ते नेमके तेच, जे शहरात येत असतात. म्हणजे शहर ज्या बाजूनं वाढतं, त्याच बाजूनं आपली मोजपट्टी आखूड पडते.

आणि यावेळची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण मधली एक जनगणना झालीच नाही. २०२१ ची राहिली. आता घरयादीचा टप्पा २०२६ चा आणि माणसं मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ चा. म्हणजे सोळा वर्षं हे शहर एका जुन्या फोटोवर चाललं आहे. २०११ च्या फोटोत वाघोली ग्रामपंचायत होती; सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरीही गावंच. २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये २३ आली, पहिल्या अकरांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर पडली. हद्द इतकी ताणली, पण महापालिकेच्या जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक ठरवताना आधार घ्यावा लागला २०११ चाच. त्या गावांचे जुने आकडे मिळवून बेरीज केली ती ३४ लाख ८१ हजारांची. हा आकडा वाचून वाघोलीतल्या माझ्या भाचीला हसू आवरेना. ती ज्या इमारतीत राहते तिथे २०११ ला ज्वारी होती.

रेशनचंही तेच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं देशातल्या ७५ टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी लोकांना धान्य देण्याचं ठरवलं, पण ते टक्के काढायचे कशाचे? प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेचे. जे त्यानंतर जन्मले, जे त्यानंतर शहरात आले, त्यांचं धान्य कुणाच्या तरी वाट्यातून निघणार किंवा निघणारच नाही.

पाण्याबद्दल तर पुणेकराला काय सांगावं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९ टीएमसीच्या आसपास साठा. त्यावर हे शहर आणि खाली कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूर. दरवर्षी पाटबंधारे खातं म्हणतं महापालिका जास्त उचलते, महापालिका म्हणते माणसं जास्त आहेत. माणसं नेमकी किती, यावरच सगळं अडलेलं. दोन्ही बाजू अंदाजांवर भांडतात. पाण्याचा मीटर बसवण्याआधी माणसांची मोजणी नीट झाली असती तर निम्मी भांडणं मिटली असती, असं माझं आपलं मत.

हे सगळे हिशेब मोठ्या माणसांचे. मला मुख्यतः तुमच्याशी, म्हणजे ज्यांच्या हातात आता कागदाऐवजी मोबाइल असणार आहे त्यांच्याशी, बोलायचं आहे. रकान्यांबद्दल.

मी जन्मानं आष्टी तालुक्यातली, बीड जिल्हा. लग्न होऊन १९८१ साली पुण्यात आले. डी.एड. माहेरी झालेलं होतं, नोकरी इथे लागली. २००१ ला आमच्या घरी दुसरी प्रगणक आली, माझ्याच ओळखीची, आणि तिनं कारणाच्या रकान्यात ‘विवाह’ टाकलं. खरंच होतं. पण मी लग्न झालं नसतं तरी नोकरीसाठी पुण्यातच आले असते, हेही खरं होतं. अर्जात कारण एकच मावतं. २०११ ला देशात स्थलांतरित म्हणून जे सुमारे ४५ कोटी लोक निघाले त्यात बायकांचं सर्वांत मोठं कारण विवाहच आहे. त्यातल्या किती जणी माझ्यासारख्या, हे त्या तक्त्यावरून कळत नाही. आणि ते तक्ते तरी पूर्ण कधी हाती आले? २०१९ मध्ये. आठ वर्षांनी. तोवर ज्यांच्याबद्दल ते होते त्यांनी दोन-तीन गावं बदललेली.

माझ्या माहेरची गोष्ट सांगते म्हणजे रकान्याचा घोटाळा नीट कळेल. दिवाळी झाली की आमच्या गावातून टोळ्या निघतात, साखर कारखान्याला, ऊस तोडायला. ‘कोयता’ म्हणजे एक माणूस नव्हे, एक जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीच्या नावावर. बायको नसेल तर पुरुषाला अर्धा कोयता म्हणतात. आता फेब्रुवारीत, म्हणजे गाळप जोरात असताना, प्रगणक दौंड-इंदापूरकडच्या उसाच्या फडाशेजारी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, पोचला (पोचला तर) आणि त्यानं त्या बाईला कारण विचारलं, तर ती काय सांगेल? ‘मालकाबरोबर आले.’ प्रगणक टाकणार ‘कुटुंबासोबत’. अर्ध्या कोयत्याची धनीण, कागदावर सोबत आलेली बाई! नवऱ्याच्या रकान्यात मात्र काम.

त्याच वेळी गावात दुसरा प्रगणक म्हातारीला विचारतो, घरात कोण कोण? म्हातारी सगळी नावं सांगते, कारण आईच्या तोंडून पोरगा घराबाहेर जात नाही. नियम तसा स्पष्ट आहे : मोजणीच्या दिवसांत माणूस जिथे राहतो तिथे त्याला धरायचं. पण नियम म्हातारीला कुणी सांगायचा, आणि कोपीपर्यंत कुणी जायचं? काही दोनदा मोजले जातात, काही एकदाही नाही. मग पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की यातलीच काही कुटुंबं गावाकडे न जाता पावसापर्यंत पुण्याला येतात, साइटवर. ती तर कुठल्याच फेब्रुवारीच्या हाताला लागत नाहीत.

बाणेरच्या त्याच गटात दुसरी एक लहान साइट होती, तिथे मात्र मला आत जाता आलं. संध्याकाळी सातनंतर गेले म्हणून. दिवसभर सगळे वर स्लॅबवर. सातला चुली पेटतात. एक बाई भाकरी थापत होती, तीन विटांची चूल, मांडीवर पोर. मराठी बरं बोलायची. विचारलं, पुण्यात येऊन किती दिवस झाले? तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘तीन बिल्डिंगा झाल्या.’

मला आधी कळलंच नाही. मग तिनं बोटावर मोजून दाखवलं. पहिली पिंपळे सौदागरला, दुसरी हिंजवडीला, ही तिसरी. पोर दुसऱ्या बिल्डिंगीचं. पाया खोदताना आली, प्लास्टर होताना बाळंत झाली. मी तिच्याबरोबर बसून बिल्डिंगीची वर्षं केली : साधारण साडेपाच. पोराचं जन्मस्थळ हिंजवडी, तालुका मुळशी. म्हणजे सदाशिव पेठेतल्या कितीतरी कुटुंबांपेक्षा ते पोर जास्त अस्सल पुणे जिल्ह्याचं. मातृभाषा कन्नड. ते लिहायला मला वीस मिनिटं लागली, आणि तीच वीस मिनिटं माझ्या तीन जनगणनांतली सर्वांत नीट झालेली.

मस्टरवरून उतरवलेल्या शहाऐंशी नावांना मिळून मला अर्धा तासही लागला नव्हता.

अस्सल पुणेकरावरून आठवलं. आपल्याकडे ‘बाहेरचे लोक आले’ हे वाक्य पेन्शनर मंडळींच्या कट्ट्यावर रोज निघतं, मीही तिथेच बसते. पेशव्यांचं घराणं मूळचं श्रीवर्धनचं. त्यांच्या दारावर प्रगणक गेला असता तर मागील निवास आजचा रायगड जिल्हा आणि कारण नोकरी, असंच लिहावं लागलं असतं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं पिंपरीच्या कॅम्पात आली. ७२ च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापूरकडून जी माणसं पोट घेऊन आली त्यांच्याच पुढच्या पिढ्या आज आपल्या दारातला कचरा उचलतात. कट्ट्यावरचे एक काका यावर म्हणतात, ‘ते वेगळं.’ काय वेगळं ते सांगत नाहीत.

असो. पत्र्यामागच्या माणसांइतकेच लपलेले दुसरे लोक आहेत, ते आपल्याच पेठांत. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत कॉट बेसिसवर राहणारी स्पर्धा परीक्षेची पोरं. लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा. टू बीएचकेमध्ये आठ-आठ जण. सकाळी सहाला अभ्यासिकेत, रात्री अकराला परत, दुपारी मेस. प्रगणक दहाला जातो तेव्हा दाराला कुलूप आणि खाली मालक. मालक म्हणतो, ‘इथे आम्हीच राहतो.’ का? स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. आठ पोरं दाखवली तर सवलत जाईल या भीतीनं आठ पोरं गायब.

खरं तर ही भीती निराधार आहे, आणि ते सांगणं तुमच्या हातात आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे जनगणनेत दिलेली माहिती कुणाला बघायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. करखातं ती मागू शकत नाही, पोलीस मागू शकत नाहीत. पण हे पेठेतल्या एकाही घरमालकाला माहीत नाही. चौकाचौकात जे फलक लागतील त्यावर मान्यवरांचे फोटो असतीलच. त्यांच्याखाली एवढं एक वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरात टाका : ‘इथे दिलेली माहिती करखात्याकडे जात नाही.’ माझ्या मते घरोघर फिरणाऱ्या पाच प्रगणकांचं काम ते वाक्य एकटं करेल.

आणि आता अधिकाऱ्यांसाठी. साइटच्या गेटवर प्रगणकाला वॉचमन अडवतो, कारण तुम्ही त्याला एकटं पाठवता. माझ्या वेळी मी तक्रार केली तेव्हा वरून उत्तर आलं, ‘बघा काहीतरी, वेळेत बंद करा.’ मी बघितलं काहीतरी, त्याचीच कबुली वर दिली आहे. पण शहरात कुठे कुठे साइट चालू आहे हे महापालिकेला ठाऊक नाही असं कसं म्हणता येईल? बांधकाम परवानगी तुमच्याच इमारतीतून निघते. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का कामगार उपकर १९९६ च्या कायद्यानं भरावा लागतो. ज्या कामगारांच्या नावानं तो पैसा गोळा होतो ते कामगार कुठे राहतात याची यादी त्याच फायलींतून निघेल. ती यादी प्रगणन गटांच्या नकाशांवर बसवा, परवानगीधारकाला आधी पत्र द्या, आणि प्रगणकाला संध्याकाळी सात ते नऊ जायची सोय करा. दुपारी बारा वाजता लेबर कॅम्पवर फक्त कुत्री आणि म्हाताऱ्या असतात.

बरोबर बोलणारा माणूसही द्या. कन्नड, तेलुगू, हिंदी, लमाणी. हडपसरच्या गाडीतळाला, कात्रजला, वारज्याला सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहा, कुठल्या भाषा ऐकू येतात ते अर्ध्या तासात कळेल. आणि बायकांना बायकांनीच विचारावं, स्वतंत्र. नवरा सांगेल ते नको.

यावेळी स्वयंगणना आहे म्हणे, मोबाइलवर आपलं आपण भरायचं. वाकड-खराडीची मंडळी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या भरतील, चांगलंच आहे. त्यामुळे तुमचा जो वेळ वाचेल तो सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये घालवू नका एवढंच मागणं. ज्या घरात चौघांत एक फोन आणि तोही मुकादमाकडे चार्जिंगला, तिथे तो वाचलेला वेळ जाऊ दे.

मोजणी का हवी यावर कुणी वाद घालेल तर मी २०२० चा एप्रिल सांगते. सोलापूर रस्त्यानं, नगर रस्त्यानं माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन चालली होती आणि सरकारी यंत्रणेला, चांगल्या मनानं काम करणाऱ्यांनाही, धान्य किती लागेल आणि गाड्या किती सोडाव्या हे ठरवता येत नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयानं संसदेत सांगितलं की वाटेत किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी आपल्याकडे नाही. जिवंतपणी ज्यांची नोंद नव्हती त्यांच्या मरणाची कुठून असणार? त्याच्या आदल्या वर्षी, २९ जूनला, मध्यरात्र उलटल्यावर कोंढव्यात सोसायटीची भिंत पत्र्याच्या खोल्यांवर कोसळून १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. बहुतेक बिहारचे. त्या रात्री मला पुन्हा दोरीवरचे फ्रॉक दिसले. खोटं का बोलू, रडले.

२८ फेब्रुवारीच्या रात्रीबद्दलही दोन शब्द. बेघरांची मोजणी त्या एका रात्रीत करतात. २०११ ला आम्ही चौघं स्टेशनच्या बाहेर टॉर्च घेऊन फिरत होतो. पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, धोतर स्वच्छ, शेजारी पिशवी. नाव विचारलं तर म्हणाले, ‘मी इथे राहत नाही. गाडीची वाट बघतोय.’ आम्ही पुढे गेलो. शेजारचा हमाल हळूच म्हणाला, ‘चार वर्षं बघतायत.’ परत जाऊन बसले त्यांच्याजवळ. नाव सांगितलं नाहीच, पण गाव सांगितलं, करमाळा. मी त्यांना बेघर लिहिलं. त्यांना ते आवडलं नसतं हे मला माहीत होतं. हा तरुण प्रगणकांचा प्रश्न आहे, प्रशिक्षणात विचारा : असा माणूस भेटला तर काय करायचं? माझ्याकडे उत्तर नाही.

कपाटात २०११ च्या नजरी नकाशाचा कच्चा कागद अजून आहे. पेन्सिलीनं काढलेला, एका कोपऱ्यात ‘पत्र्याच्या खोल्या, ३८’. मागच्या महिन्यात नातवाबरोबर तिकडून गेले. खोल्यांच्या जागी बावीस मजले आणि तळाला आइस्क्रीमचं दुकान. पत्रे पुढे सरकले आहेत, सूस-म्हाळुंग्याच्या बाजूला. ती गावं आता आपल्या हद्दीत आहेत, म्हणजे तो गट यावेळी तुमच्यापैकीच कुणाला तरी मिळणार. ज्या बाईंना किंवा सरांना मिळेल त्यांनी आमच्या जुन्या शाळेत माझ्या नावानं निरोप ठेवावा. चढ चढवत नाही, पण संध्याकाळी सातला रिक्षानं येईन. मला मोडकं कन्नड येतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वारजे, पुणे